हात वर, पाय जागेवर: किलर्सचा 'डे अँड एज' डॉल्बीवाल्याच्या कानानं

पुतणीची हळद येत्या वैशाखात आहे. साऊंड अर्थातच घरचा, म्हणजे माझा. तिनं परवा चाळीस गाण्यांची यादी मोबाइलवर धाडली आणि खाली एक ओळ जोडली, "काका, तुमचं ते इंग्लिशमधलं एक लावा हवं तर. पण एकच, आणि नाचता येणारं." त्या एका ओळीपायी मी पंधरा दिवस झाले जुनी सीडी काढून बसलोय. द किलर्स, अल्बम 'डे अँड एज', नोव्हेंबर 2008. दहा गाणी, सगळी मिळून 42 मिनिटांच्या आतबाहेर.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी सोलापुरात मंडप आणि साऊंडचा धंदा करतो, बावीस वर्षं झाली. लोक आम्हाला डॉल्बीवाले म्हणतात. डॉल्बी नावाच्या कंपनीचा आमच्या खोक्यांशी काडीचा संबंध नाही, पण नाव पडलं ते पडलं. वराती, गणपती, जयंत्या, गड्ड्यावरचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतले स्टॉल, शाळांची गॅदरिंगं, सगळीकडं जातो. मला नोटेशन वाचता येत नाही, राग ओळखता येत नाही. पण दोनशे माणसांच्या घोळक्यात कुठल्या ठोक्याला पाय उचलतात आणि कुठल्या ठोक्याला थबकतात, हे मिक्सरमागं उभं राहून इतक्या वेळा बघितलंय की डोळे मिटून सांगेन. परीक्षण लिहायला माझ्याकडं भांडवल म्हणाल तर एवढंच.

आणि दुसरं, मी पूर्व भागात वाढलो. वडील मिलमध्ये साच्यावर होते, मिल बंद पडल्यावर एका कारखान्यात यंत्रमागावर लागले. आमच्या भिंतीला लागूनच माग होते. धोटा इकडून तिकडं, फणी धाडकन, परत धोटा. बाहेरगावच्या पाहुण्यांना त्या आवाजात झोप यायची नाही. आमचं उलटं होतं. रात्री लाइट जाऊन माग थांबले की अख्खी गल्ली जागी व्हायची. साधा माग मिनिटाला शंभराच्या पुढंमागं धोटे टाकतो. नाचाच्या गाण्यांचा ठोकाही शंभराच्या वर, एकशेवीस-तीसपर्यंत असतो. हे मला फार पुढं, बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके ते, मोजायला लागलो तेव्हा कळलं. त्याच त्या ठोक्याचा कंटाळा येणाऱ्यांतला मी नाही, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

आता बँड. किलर्स हे लास वेगासचे, 2001 साली जमलेले. गायक ब्रँडन फ्लॉवर्स, गिटारला डेव्ह क्यूनिंग, बेसला मार्क स्टोर्मर, ड्रमला रॉनी वॅनुची. नाव कुठून घेतलं ते ऐकण्यासारखं आहे. न्यू ऑर्डर नावाच्या मँचेस्टरच्या बँडनं 2001 मध्ये 'क्रिस्टल' गाण्याचा व्हिडिओ काढला, त्यात खोटाच एक तरुण बँड दाखवला आणि त्याच्या ड्रमवर नाव रंगवलं 'द किलर्स'. ह्या पोरांनी ते सरळ उचललं. दुसऱ्याच्या वरातीतला फलक काढून आपल्या दुकानावर लावावा तसं. पण त्यात त्यांचं सगळं घराणंही सांगून झालं. 1980च्या आसपासचं ते ब्रिटिश न्यू वेव्ह, सिंथेसायझर, डोळ्यात काजळ घातलेले गायक, गिटार आहे पण डौल कीबोर्डचा. 2000 नंतर जे बँड ते सगळं पुन्हा घेऊन आले त्यांच्यात हे सगळ्यात जास्त खपलेल्यांपैकी.

पहिला अल्बम 'हॉट फस' 2004चा. त्यातल्या 'मिस्टर ब्राइटसाइड'नं त्यांना जगभर नेलं. दुसरा 'सॅम्स टाउन' 2006चा, आणि त्यात ह्यांनी अचानक इंग्लंडकडं पाठ फिरवली. मिशा वाढवल्या, अमेरिकेची वाळवंटं, धुळीचे हायवे, अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या वळणाची मोठमोठी गाणी. फ्लॉवर्सनं तर हा गेल्या वीस वर्षांतल्या उत्तम अल्बमांपैकी एक होणार असं आधीच जाहीर करून टाकलं होतं. एवढ्या मोठ्या तोंडानं बोलल्यावर समीक्षक सोडतात होय? मला स्वतःला तो अल्बम आवडतो. पण त्यावर नाचायचं म्हटलं तर गुडघे दुखतील.

मग तिसरा हा, 'डे अँड एज'. वाळवंटातून थेट डिस्कोच्या फरशीवर. ही उडी ज्याच्या हातून झाली तो माणूस म्हणजे अल्बमाचा निर्माता स्टुअर्ट प्राइस. 2005 साली मॅडोनाचा 'कन्फेशन्स ऑन अ डान्स फ्लोअर' तिच्याबरोबर त्यानंच घडवला होता. आमच्या धंद्यातल्या माणसानं तो एकदा ऐकलाच पाहिजे, गाण्यांमध्ये फट नाही, एकातून दुसरं निघतं, नाचणाऱ्याला पाणी प्यायलाही सवड नाही. किलर्सशी त्याची जानपछान जुनी. 'मिस्टर ब्राइटसाइड'चा रिमिक्स त्यानं आधीच केला होता, जॅक लू काँट ह्या टोपणनावानं, जवळपास नऊ मिनिटांचा. मूळ गाणं धावत सुटलेलं, रिमिक्स त्याला लगाम घालून चालवतो. मूळ गाण्यातला मत्सर तोच, पण इथं तो घाम होऊन बाहेर येतो. तो रिमिक्स ऐकून कुणाला वाटावं की आता हा माणूस ह्या बँडचा अख्खा अल्बम करील तर काय मजा येईल. मलाही तेच वाटलं होतं. प्राइस लंडनमध्ये, हे वेगासमध्ये, इंटरनेटवरून एकमेकांना तुकडे पाठवत बरंचसं काम झालं.

सीडी मी घेतली जानेवारी 2009 मध्ये. गड्डा यात्रेच्या तोंडावर बेसचा एक स्पीकर जळाला, कोन आणायला पुण्याला पासोड्या विठोबापाशी गेलो, आणि परतीच्या हुतात्मा एक्स्प्रेसला वेळ होता म्हणून एका दुकानात शिरलो. घरी परवडणारी गोष्ट नव्हती ती. बायकोला मी कोनची किंमत वाढवून सांगितली, हे ती वाचणार नाही अशा भरवशावर लिहितोय. मांडीवर कोनचं खोकं आणि कानात डिस्कमन. भिगवणपर्यंत अंधार झाला होता, उजनीचं पाणी दिसायचं बंद झालं होतं, आणि त्या काळोखात 'ह्यूमन' सुरू झालं.

ह्या गाण्याबद्दल सावकाश बोलायला हवं. सुरुवात बारीक, तारा छेडल्यासारखी. मग तळातून ठोका येतो, मिनिटाला 135च्या आसपास, चारही मात्रांवर सारखा. धम् धम् धम् धम्. डिस्कोचा सगळा जीव ह्या चार ठोक्यांत आहे. रॉकचा ड्रमर एक आणि तीनला लाथ मारतो, दोन आणि चारला टाळी देतो, म्हणजे ऐकणाऱ्याला एक पाय ठेवायला जागा देतो आणि एक पाय हवेत. डिस्को चारही पाय जमिनीवर ठेवतो. नाचता न येणारा माणूससुद्धा चुकू शकत नाही, कारण चुकायला फटच ठेवलेली नाही. वॅनुची हा शिकलेला वादक आहे, विद्यापीठात तालवाद्यं शिकून आलेला, पण इथं त्यानं आपली सगळी विद्या खिशात घातलीय आणि मागासारखा ठोका धरलाय. त्याचं मला कौतुक वाटलं. वाजवता येत असताना न वाजवणं सोपं नसतं.

ह्या गाण्याच्या धृपदावरून तेव्हा मोठा गदारोळ झाला. आपण माणूस आहोत की नर्तक, असा त्यात सवाल आहे. इंग्रजीवाले चिडले ते वेगळ्याच कारणानं. 'आपण' म्हटल्यावर 'नर्तक' अनेकवचनी हवं, ह्यानं एकवचनी घातलंय. काहींना वाटलं ऐकण्यातच चूक होतेय. आता गंमत बघा, मराठीत हा वादच उभा राहत नाही. एक नर्तक, दहा नर्तक, शब्द तोच. आणि 'आपण माणूस आहोत का जनावर' असं आमची आजी अख्ख्या घराला उद्देशून म्हणायची, तेव्हा कुणी तिचं वचन तपासलं नाही. मला ते गाणं पहिल्याच दिवशी बिनघोर कळलं ते कदाचित त्यामुळंच.

पण वचनापेक्षा अर्थ बघण्यासारखा आहे. फ्लॉवर्सनं ती ओळ हंटर एस. थॉम्पसन ह्या अमेरिकी पत्रकाराच्या एका शेऱ्यावरून घेतल्याचं सांगितलंय. अमेरिका नर्तकांची पिढी वाढवतेय, असा तो शेरा. म्हणजे नर्तक इथं कौतुकाचा शब्द नाही. ठरवून दिलेली पावलं टाकणारा, दुसऱ्याच्या तालावर नाचणारा, आपण मराठीत 'नाचवतोय त्याला' म्हणतो तसला. म्हणजे झालं काय, अल्बमातलं सगळ्यात नाचरं गाणं नाचणाऱ्यावरच संशय घेतं. वरातीचा बँड बोलवायचा आणि नवरदेवाच्या कानात म्हणायचं, बाबा, खरंच करतोयस का लग्न?

मला हे गाणं आवडतं. पण संशयाची ती गाठ पुढं अख्ख्या अल्बमात हाताला लागत राहते.

आमच्या धंद्यात गाण्यांची आम्ही एक वाटणी करतो. काही पायाची गाणी, काही हाताची. पायाचं गाणं लागलं की माणूस बोलता बोलता हलायला लागतो, त्याला स्वतःला पत्ता नसतो. हाताचं गाणं लागलं की लोक थांबतात, वर बघतात, हात उंचावतात, बेंबीच्या देठापासून ओरडून गातात. हाताच्या गाण्याला दाद जास्त मिळते. पण बघा तुम्ही, हात वर गेला की पाय थांबतो. दोन्ही एकदम करणारी गाणी फार थोडी. किलर्स हा जन्माचा हाताचा बँड आहे. प्राइसनं त्यांना पाय दिले. आणि ह्या दहा गाण्यांत बहुतेक वेळा घडतं असं की कडव्याला पाय चालतात आणि धृपद आलं की फ्लॉवर्सचा गळा वर चढतो, सूर लांबतात, मागं सिंथेसायझरची भिंत उभी राहते, आणि पाय जागेवर.

'स्पेसमन' हे त्याचं सरळ उदाहरण. परग्रहावरच्यांनी उचलून नेलेल्या माणसाची गोष्ट, कडवं घोड्यासारखं दुडकतं, सोलापूरच्या टांगेवाल्यांनी धरला असता असला ठेका. आणि धृपदाला सगळं स्टेडियम. नाचायला सुरुवात केलेला माणूस मधेच राष्ट्रगीत लागल्यासारखा ताठ.

ह्याचं मी प्रयोग करून बघितलेलं आहे, नुसतं खुर्चीत बसून बोलत नाही. 2009च्या गणपतीआधी, ऑगस्टात, आमच्या मंडळाची लेझीमची तालीम चालायची. सोलापूरचा गणपती म्हणजे लेझीम, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. डॉल्बी येऊनही ती टिकलीय, माझ्या पोटावर पाय देऊन टिकली तरी मला आनंदच आहे. तर तालीम संपली, हलगीवाला बिडी पेटवायला बसला, आणि नवे टॉप, म्हणजे वरच्या आवाजाचे स्पीकर, तपासायचे म्हणून मी 'ह्यूमन' लावलं. पोरांच्या हातात लेझमा होत्याच. चारावरचा ठोका बघून दोघातिघांनी डाव धरला, मग सगळ्यांनी. एक-दोन वाकून, तीन-चार ताठ. दोन मिनिटं असं बसलं की अंगावर काटा आला. लास वेगास आणि आमची गल्ली एका रांगेत. आणि मग धृपद आलं. पहिल्या वेळेला सावरलं, दुसऱ्याला रांग फुटली. लेझीमप्रमुख माझ्याकडं बघून ओरडला, "अण्णा, ठेका गेला की बे कुठं!"

ठेका कुठंच गेला नव्हता. माझ्यासमोर मिक्सरवर दिवा तसाच उडत होता, चारही मात्रांवर. पण पोरांच्या कानातून तो गेला होता. वर एवढा सूर चढवून ठेवला की खालचा ठोका ऐकूच येईना. हे काही माझ्या टॉपचं दुखणं नव्हतं, घरी येऊन मी हेडफोनवर पुन्हा ऐकलं.

न्यू ऑर्डरशी तोलून बघायचा मोह आवरत नाही, कारण ह्यांनी नावच तिथून घेतलंय. तेही आधी गिटारवाले होते, जॉय डिव्हिजन नावानं, अंधारं वाजवायचे. 1980 साली त्यांचा गायक इयन कर्टिस गेला, उरलेल्यांनी नवं नाव घेतलं आणि हळूहळू यंत्रांकडं, क्लबकडं वळले. 1983चं 'ब्लू मंडे' हे त्या वळणाचं टोक. साडेसात मिनिटं. ड्रम यंत्राचा, आणि धृपद म्हणावं असं त्यात जवळजवळ काही नाहीच. गायक अशा थंडपणे गातो की रेशनकार्डावरची नावं वाचून दाखवतोय. आणि म्हणूनच ते नाचतं. गाणं तुमच्याकडं लक्ष मागत नाही, तुम्हाला तुमच्या पायांपाशी सोडून देतं. गिटारचा बँड नाचाकडं वळला ह्यात म्हणून नवल वाटून घेऊ नये, न्यू वेव्हची मूळ वाटच ती होती. किलर्सनं जे उसनं घेतलं होतं त्याचाच पुढचा हप्ता भरला. फक्त फ्लॉवर्सला रेशनकार्ड वाचता येत नाही. त्याला प्रत्येक ओळ आगगाडीच्या दारातून निरोप देतोय अशीच गायची असते. त्या गळ्यावर जीव टाकणारे लाखो आहेत, मीही आहे, पण नाचाला तो गळा जड पडतो.

एक गाणं मात्र सगळं बरोबर करतं. चौथं, 'जॉय राइड'. पुतणीचं उत्तर तेच. इथं सगळा कारभार स्टोर्मरच्या बेस गिटारकडं आहे, आणि तो बेस बोलका आहे, टपोरी आहे. गिटार नुसती खरडते, चक चक चक, शेंगा पाखडल्यासारखी. वर सॅक्सोफोन. वाजवणारा टॉमी मार्थ, वेगासचाच, बँडबरोबर दौरेही करायचा, 2012 साली गेला. त्या सॅक्सोफोनमध्ये एक निर्लज्ज खुशी आहे, आणि फ्लॉवर्सही इथं पहिल्यांदा थोडा वाह्यात होतो, धृपदाला छाती फुगवत नाही. त्या तालमीच्या रात्री 'ह्यूमन' मोडल्यावर मी हे लावलं होतं. लेझीम त्यावर बसेना, वळण वेगळं आहे. पण हलगीवाल्यानं बिडी विझवली, हलगी मांडीवर घेतली आणि बोटांनी सॅक्सोफोनच्या मधल्या जागा भरायला लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पायाचं गाणं असं ओळखू येतं.

बाकीच्यांतली काही झटपट. पहिलं 'लूजिंग टच', सॅक्सोफोन-पितळ्यांचा थाट, संथ, ऐटबाज. अल्बमाचं दार उघडायला छान, पण त्यावर माणूस फार तर मान हलवील. 'धिस इज युअर लाइफ'मध्ये मागं समूहाचा घोष आहे, तेवढाच लक्षात राहतो. 'निऑन टायगर' आणि 'द वर्ल्ड वी लिव्ह इन' ही मी दर वेळी ऐकतो आणि दर वेळी विसरतो. 'आय कान्ट स्टे' हलकंफुलकं, त्यात कॅरिबियन स्टीलचे ड्रम आहेत, जलतरंगाच्या चुलतभावासारखे. शेजारच्या अव्वा दारात सूप घेऊन बिड्या वळत बसायच्या, त्यांच्या कानावर माझी सगळी सीडी पडायची. ह्या गाण्याला त्या म्हणाल्या, "हे बराय की रे. आधीचा नुसता वरडत होता." मराठी त्यांची तेलुगू वळणाची, समीक्षा सरळ.

आणि 'अ डस्टलँड फेअरीटेल'. हे नाचाचं नाही, आणि अल्बमातलं सगळ्यात चांगलं गाणं आहे. माझ्या सगळ्या वाटणीवर पाणी पाडतं. पियानोवर सुरू होतं, धुळीच्या गावातली एक पोरगी आणि एक पोरगा, पुढं लग्न, संसार. फ्लॉवर्सनं ते आपल्या आईवडिलांवर लिहिलंय. आई त्याची 2010 साली गेली. म्हणजे हे लिहिलं तेव्हा ती होती, हे मला नंतर कळलं आणि गाणं अजून घट्ट झालं. धूळ काही आम्हाला नवी नाही. एप्रिलात होटगी रोडनं दुपारी दोनला जाऊन बघा. आमच्या वडिलांनी मागाची धूळ, म्हणजे सुताचा तो बारीक कापूस, चाळीस वर्षं छातीत घेतली. आणि तरी त्यांचं लग्न ठरलं तेव्हा ते आईला बघायला सायकलवर अक्कलकोटला गेले होते, इस्त्रीचा शर्ट पिशवीत घेऊन, गावाबाहेर बदलायला. ही परीकथाच की. ह्या गाण्यात प्राइस बाजूला उभा राहतो आणि 'सॅम्स टाउन'वाले किलर्स परत येतात, आणि मला प्रश्न पडतो की ह्यांना नाचवायला गेलो ते बरोबर केलं का.

आवाजाबद्दल धंद्याच्या नात्यानं थोडं. बेस फार नीटस आहे, मोठ्या खोक्यांवर लावला तरी गुमगुमत नाही, ठोका आणि बेस एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. हे प्राइसचं कसब. वरचा मजला मात्र ठासून भरलाय, सिंथेसायझरवर गिटार, गिटारवर पुन्हा गळा, सगळं एकाच उंचीचं. गर्दीच्या वेळी सिटी बसमध्ये चढल्यासारखं वाटतं. क्यूनिंगची गिटार पहिल्या अल्बमात जी कात्रीसारखी चालायची ती इथं शोधावी लागते. हॉलमध्ये लावणार असाल तर मधल्या आवाजाला तीनेक डेसिबल खाली घ्या आणि टॉप भिंतीकडं तोंड करून ठेवू नका.

घ्यावा का? तुमच्याकडं पहिले दोन असतील तर घ्या. नाचाचा अल्बम म्हणून घेत असाल तर मॅडोनाचा तो घ्या, हा नको. आणि एकटे ऐकणार असाल, रात्रीच्या गाडीत, तर 'ह्यूमन'ला दुसरी तोड नाही. पाय चपलेच्या आत हलतात, तेवढे पुरे असतात.

शेवटचं गाणं 'गुडनाइट, ट्रॅव्हल वेल', जवळपास सात मिनिटं, निरोपाचं, मृत्यूचं. ते मी अल्बमाचा भाग म्हणून धरतच नाही. त्याची जागा आमच्याकडं वेगळी ठरलीय. विसर्जन झालं, खोकी टेम्पोत चढली, पोरं केबल गुंडाळत असतात, कोपर आणि पंजा, कोपर आणि पंजा, तेव्हा मी टेम्पोच्या टेपवर ते हळू आवाजात लावतो. गेल्या वर्षी नव्या पोरानं विचारलं, "हे काय लावलाव बे मालक, कोण गेलंय का?" जुन्यानं त्याला गप केलं.

काल पुतणीला 'जॉय राइड' ऐकवलं. अर्धं होईस्तोवर ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टाच आपटत होती, म्हणजे पास. सॅक्सोफोन आल्यावर म्हणाली, "काका, हे तर आपल्या वरातीच्या बँडवाल्यासारखं वाजतंय." मी म्हणालो, तसंच वाजतंय. यादीत एक्केचाळिसावं म्हणून घातलंय. जेवणाआधी लावायचं की नंतर, ह्यावर सध्या बोलणी चालू आहेत.